डेपोच्या फळ्याची नवी ड्युटी

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. पण घाबरू नका, मी शाळेचा फळा नाही. मी कुणाला पाढे विचारत नाही आणि माझ्यासमोर कुणाला अंगठे धरून उभेही करत नाहीत. मी बस डेपोचा फळा. सध्या मी म्हाताऱ्या माणसांच्या एका वसाहतीत, मोठ्या हॉलसमोरच्या भिंतीवर लटकून आहे. इथवर कसा आलो, ते सांगतो.

माझा जन्म डेपोतच झाला. बसची नवी इंजिने लाकडी पेट्यांतून यायची. त्या पेट्यांच्या फळ्या जोडून तिथल्या सुताराने मला बनवले, घासूनपुसून गुळगुळीत केले आणि काळ्या रंगाचे तीन हात दिले. वरच्या चौकटीवर पेंटरने पांढऱ्या अक्षरांत लिहिले : ‘फळ्याला हात लावू नये.’ दुसऱ्याच दिवशी एका मेकॅनिकच्या हातून चाक सुटले आणि घरंगळत येऊन माझ्या डाव्या कोपऱ्यावर आदळले. ती खोक अजून आहे. लहानपणीची जखम, ती काय भरून येते थोडीच.

माझे काम मोठे मानाचे होते बरे का. रोज संध्याकाळी टाइमकीपर खडू घेऊन यायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या ड्युट्या माझ्यावर लिहायचे. कोणती बस, कोणता रूट, किती वाजता, ड्रायव्हर कोण, कंडक्टर कोण. पहाटे पाचपासून माणसे यायची, मान वर करून आपले नाव शोधायची आणि कामाला लागायची. कुणी खूश, कुणी कपाळाला हात लावायचे, पण माझ्याशी हुज्जत कुणी घातली नाही. ज्याचे नाव नसेल तो ‘स्पेअर’. त्याने माझ्याखालच्या लांब बाकावर बसून राहायचे. कुणी आजारी पडले, कुणाची दांडी झाली, की टाइमकीपर याचे नाव लिहायचे आणि हा उठायचा. त्या बाकावर बसणे कुणालाच आवडत नसे. एखाद्याला सलग आठ दिवस बसवले, तर तो चहासुद्धा कोपऱ्यात जाऊन प्यायचा.

आणि एक नियम होता. खडू फक्त टाइमकीपरचा. आपले नाव आपण लिहायचे नाही, पुसायचे तर नाहीच.

हा नियम माझ्या आयुष्यात एकदाच मोडला गेला. एक तरुण ड्रायव्हर होता, उंचपुरा, बोलायला कमी. त्याची बायको बाळंतपणासाठी दवाखान्यात होती आणि त्याला नेमका मुक्कामी रूट लागला होता. टाइमकीपर चहाला गेले तेव्हा तो माझ्यासमोर आला, इकडेतिकडे पाहिले, बोटाने आपले नाव पुसले आणि शहरातल्या जवळच्या फेरीसमोर लिहिले. शिरोरेघ सरळ जायची, तर चढाला लागल्यासारखी वर वर गेली. त्या दिवशी दुपारी चारला तो दवाखान्यात पोहोचला आणि पाचला त्याला मुलगी झाली.

दुसऱ्या दिवशी टाइमकीपरनी त्याला बोलावले. ते म्हणाले, “मेमो तर द्यावाच लागेल. आठ दिवस स्पेअर बस. आणि मुलीचं नाव काय ठेवणार तेवढं सांगून जा.”

तो आठ दिवस माझ्याखाली बसला. त्यानंतर पस्तीस वर्षे नोकरी केली, पण पुन्हा म्हणून त्याने मला बोट लावले नाही.

पुढे डेपोत कॉम्प्युटर आला. ड्युट्या छापून यायला लागल्या आणि मला टायरच्या गोदामात नेऊन उभे केले. तिथे माझे फार हाल झाले. माझ्यावर कुणी रंगाचे डबे पालथे घातले, कुणी खिळे ठोकले. एका मांजरीने माझ्या आडोशाला पिल्ले घातली. तेवढाच काय तो विरंगुळा. नंतर डेपो शहराबाहेर गेला आणि मी भंगारात निघालो. तिथून मला एका सुतारमामांनी उचलले. ते या वसाहतीची दारे-खिडक्या दुरुस्त करतात. त्यांनी मला घासले, नवा काळा रंग दिला, चौकटीला तपकिरी पॉलिश लावले आणि इथे आणून टांगले. हाडाचा कारागीर, पण घाईचा माणूस. चौकटीवरची जुनी अक्षरे त्यांनी नीट खरवडली नाहीत. पॉलिशखालून ती पुसट पुसट दिसतात, पण ज्याला आधीपासून ठाऊक आहेत त्यालाच.

इथे माझ्यावर बसचे रूट नसतात. वर्ग असतात. मातीकाम, समूहगान, जलरंग, बुद्धिबळ, पाण्यातला व्यायाम आणि समूहनृत्य. ज्याला ज्या वर्गाला जायचे असेल, त्याने त्याखाली आपले नाव लिहायचे. रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत सहा नावे झाली तर वर्ग भरतो. नाही झाली तर तो आठवडा सुट्टी.

पहिल्या आठवड्यात मला अगदी मेल्याहून मेल्यासारखे झाले. काय ती अक्षरे, काय ती शिस्त! जो उठतो तो लिहितो. एक हौशी आजी आहेत. त्या प्रत्येक वर्गाला नाव घालतात आणि एकाही वर्गाला जात नाहीत. विचारले तर म्हणतात, “अहो, नाव दिलं की निम्मं केल्यासारखं वाटतं.” पण हळूहळू मला गंमत वाटू लागली. डेपोत माझ्यासमोर सकाळी जांभया द्यायचे. इथे माणसे हसत येतात.

नृत्याचा वर्ग मेट्रनबाई घेतात. पस्तीस वर्षे मोठ्या दवाखान्यात मेट्रन होत्या. सगळा वॉर्ड त्यांच्या चपलांचा आवाज ओळखायचा म्हणे, आणि मला ते खरे वाटते. गुडघ्यांना झेपेल असा नाच त्यांनी स्वतः बसवला आहे. पण त्यांच्या वर्गाचे घोडे नेहमी पाच नावांवर अडायचे. सहावे नाव मिळवताना त्यांच्या नाकी नऊ यायचे.

तर अशा एका आठवड्यात, सकाळी बरोबर सहा वाजता, एक उंच म्हातारे गृहस्थ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, नीट पाडलेला भांग. त्यांनी वरून खालपर्यंत मला वाचले. मग त्यांची नजर डाव्या कोपऱ्यावर गेली. खोकेजवळ बोट नेले, पण टेकवले नाही. मग वर चौकटीकडे पाहिले.

मित्रांनो, मला तोंड असते तर मी त्या दिवशी ओरडलोच असतो. तो माझा ड्रायव्हर होता. चढाच्या शिरोरेघेचा.

त्यांनी पुन्हा एकदा मला वाचले. आपले नाव नाही, याची खात्री केली. मग माझ्याखालच्या बाकावर जाऊन बसले. हात मांडीवर, पाठ ताठ. दुपारी जेवणाची घंटा होईपर्यंत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पंधरा दिवस झाले, महिना झाला. सहाला येणार, मला वाचणार, बाकावर बसणार. वसाहतीतल्या लोकांनी त्यांना ‘तपासनीस’ असे नाव ठेवले. कुणी म्हणे, शुद्धलेखन तपासतात. कुणी म्हणे, शिष्ट आहेत, आपल्यात मिसळायला नको त्यांना. मला सारे कळत होते. तो माणूस स्पेअर बसला होता! ड्युटी लागायची वाट बघत होता. आणि इथे ड्युटी लावणारा कुणी नाही, हे त्याला कोण सांगणार? मी? माझ्यावर लोक लिहितात, मला स्वतःला एक अक्षर लिहिता येत नाही. एवढे पाण्यातले आणि मातीतले वर्ग अंगावर वागवले, पण त्या दिवसांइतका जड मी कधीच झालो नव्हतो.

एकदा जमतही आले होते. मेट्रनबाई सहावे नाव शोधत फिरत होत्या. हे ड्रायव्हरकाका माझ्यासमोर उभे. बाईंनी खडू हातात घेऊन जरा खडसावूनच विचारले, “काय हो, लिहायचंय का काही?”

काका चटकन दोन पावले मागे सरले. म्हणाले, “नाही नाही. मी हात नाही लावला.”

बाई बघतच राहिल्या. जाताना हौशी आजींना म्हणाल्या, “फारच सोवळे आहेत बाई.” आणि त्या आठवड्यात नृत्याचा वर्ग बुडाला.

काकांची मुलगी दर रविवारी यायची. तीच ती, पाचला जन्मलेली. आता तिच्याही केसांत पांढरे आले आहे. त्या दोघांचे ठरलेले होते : तीन महिने राहून बघायचे, नाही रमले तर मुलीकडे परत. पण मुलीचे घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. ती सकाळी सातला कामाला जाते, संध्याकाळी सातला येते. तोवर काका खिडकीशी बसून खालून जाणाऱ्या बस मोजायचे. गुडघ्यांमुळे वर्षात चार वेळा खाली उतरले असतील. तिथे परत जायचे म्हणजे काय, हे त्यांनाही कळत होते आणि तिलाही.

तिसऱ्या महिन्याचा शेवटचा रविवार आला. त्या दिवशी काका सहाला आले ते बॅग घेऊनच. मला वाचले. नाव नव्हते. बॅग पायाशी ठेवून बसले. दुपारी चार वाजता मुलगी आली. मेट्रनबाई तिथेच टाचा उंचावून गेल्या आठवड्याचे पुसत होत्या. नृत्याखाली नवी पाच नावे झाली होती.

मुलगी म्हणाली, “बाबा, बॅग भरलीत? इथे तर किती छान आहे. काय आवडलं नाही तुम्हाला?”

“आवडलं नाही असं कुठं म्हणतोय. सगळं चांगलं आहे.”

“मग?”

काका म्हणाले, “माझी इथे गरज नाही गं. तीन महिने झाले. रोज सहाला येऊन बघतो. एकदासुद्धा ड्युटी लागली नाही.”

मेट्रनबाईंचा हात माझ्यावर थांबला.

“ड्युटी?” मुलगी म्हणाली. “अहो बाबा, इथे ज्याचं त्याने नाव लिहायचं असतं.”

“ते जुने लोक लिहितात. त्यांना परवानगी असेल. मी नवा. नव्या माणसाने आल्याआल्या फळ्याला हात लावायचा का? आणि हे बघ, ज्याची गरज असते, त्याचं नाव कुणी ना कुणी लिहितंच.”

मुलगी हसायला गेली, पण तिला हसू आले नाही. डोळे भरून आले. खरे सांगू का, मित्रांनो? काकांची निम्मी सवय होती आणि निम्मा अभिमान. कुणीतरी आपल्याला हाक मारावी असे त्यांना फार वाटत होते आणि ते मागून घ्यायची लाज वाटत होती. तुमच्या वर्गातही असे एखादे मूल असेल, खेळ चालू असताना मैदानाच्या कडेला उभे राहून बुटाची नाडी बांधत बसणारे.

मेट्रनबाई वळल्या. मला वाटले आता रागावतील. त्यांनी मुलीला एवढेच विचारले, “पूर्ण नाव काय यांचं?” मुलीने सांगितले. बाईंनी नवा खडू काढला आणि माझ्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिले : सोमवार, सकाळी नऊ, मोठा हॉल. पुढे काकांचे नाव. खाली दोन रेघा मारल्या.

“पस्तीस वर्षं मी नर्सांच्या ड्युट्या लावल्या,” त्या म्हणाल्या. “रोज कोणीतरी रजा मागायला यायचं. ड्युटी मागत बसलेला माणूस आज पहिल्यांदा पाहिला. आणि आम्ही मेले तीन महिने तुम्हाला शिष्ट म्हणतोय.”

काका उठून उभे राहिले. माझ्याजवळ आले, आपले नाव वाचले, घड्याळ पाहिले. “उद्या नऊ. म्हणजे पावणेनऊला हजर,” असे म्हणून त्यांनी बॅग उचलली आणि आपल्या खोलीकडे चालू लागले.

“बाबा, गाडी बाहेर उभी आहे,” मुलगी म्हणाली.

“अगं, ड्युटी लागली ना.”

“पण तो नाचाचा वर्ग आहे.”

“मग? रूट आपण निवडायचा नसतो.”

सोमवारी काका साडेआठलाच हजर झाले. हॉलचे दार माझ्या समोरच आहे, त्यामुळे मला सगळे दिसते. सुरुवात मात्र अगदी वाईट झाली. बाई टाळ्या वाजवून ‘एक, दोन, तीन’ म्हणायच्या. तीनला पाच जण डावीकडे जायचे आणि काका जागच्या जागी. दुसऱ्यांदा गेले तर उजवीकडे गेले आणि हौशी आजींच्या पायावर पाय पडला. आजी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदाच वर्गाला आल्या होत्या, केवळ तपासनीस नाचणार म्हणून. काका कान लाल करून म्हणाले, “मी स्पेअर बसतो.”

“बसलात तेवढं पुरे,” बाई म्हणाल्या. त्या तरातरा जेवणघरात गेल्या आणि तिथली पितळी घंटा घेऊन आल्या. कुठून सुचले त्यांना, देव जाणे. बहुतेक बसने पुष्कळ फिरल्या असाव्यात. त्यांनी घंटा दोनदा वाजवली. टिंग टिंग.

काका निघाले.

पस्तीस वर्षे कंडक्टरची डबल बेल ऐकून ज्याचा पाय आपोआप दाबला जायचा, तो का थांबून राहणार? एक घंटा झाली की जागीच थांबायचे, दोन झाल्या की चालू. ताल असा धरला, की बाई घंटा विसरल्या तरी काकांचे पाय विसरेनात. फक्त एक सवय राहिली. वळायच्या आधी ते उजव्या खांद्यावरून मागे बघून घेतात, आरशात बघावे तसे. आधी सगळे हसले. मग सगळेच तसे बघायला लागले. आता तो त्या नाचाचाच भाग झाला आहे, आणि तेव्हापासून कुणी कुणाच्या पायावर पाय दिलेला नाही.

पण हौशी आजींच्या अंगात खोडकरपणा भारी. त्यांनी पाहिले, की हे गृहस्थ नाव लिहिले की जातातच. त्यांनी मंगळवारपासून काकांचे नाव सगळ्या वर्गांखाली लिहून टाकले. मातीकाम, समूहगान, जलरंग, बुद्धिबळ. पाण्यातला व्यायामसुद्धा. काका सगळीकडे गेले. मातीकामात त्यांनी बस केली, तिला पाच चाके. पाचवे कशाला, असे विचारले तर म्हणाले, “स्टेपनी.” गाण्यात त्यांचा खर्जातला आवाज लागला आणि गाणाऱ्या मंडळींनी त्यांना मधे उभे केले. शनिवारी मात्र ते बुद्धिबळाच्या पटावर घोरत पडलेले सापडले.

मेट्रनबाई रागावल्या. “अहो, झेपत नसेल तर पुसा ना नाव.”

“पुसायचं? मी?”

“मग कोण? इथे हात लावायचा असतो फळ्याला.”

काकांनी माझ्या चौकटीकडे बोट दाखवले. बाईंनी चष्मा घातला, खुर्ची घेतली, वर चढल्या आणि नाक चौकटीला लागेल इतक्या जवळून ती अक्षरे वाचली. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात सगळे आले. काकांनी त्यांना डेपोची गोष्ट सांगितली. मेमोची, आठ दिवसांची, मुलीच्या जन्माची. मी भिंतीवर होतो, पण माझी गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मला कसे वाटले म्हणून सांगू!

बाईंनी खुर्चीवरूनच सुतारमामांना हाक मारली. मामा पॉलिशपेपर घेऊन आले. “ऑ, राहिलंच होतं की हे,” असे म्हणून त्यांनी चौकट घासली. मला सारख्या गुदगुल्या होत होत्या. दहा मिनिटांत चौकट कोरी झाली.

बाईंनी खडू पुढे केला. काकांनी तो घेतला आणि बराच वेळ नुसता धरून ठेवला. मग चार वर्गांखालचे नाव पुसले. नृत्य आणि गाणे तेवढे ठेवले. गाण्यासमोर आजींच्या अक्षरातले नाव होते, तेही पुसून स्वतःच्या हाताने लिहिले. मी वाट बघत होतो. बेचाळीस वर्षे झाली होती. शिरोरेघ आताही तशीच चढाला लागली.

पुढचा रविवार घरच्या मंडळींसाठी होता. नातलगांनी यायचे आणि वर्गात सामील व्हायचे. काका सहाला आले. नृत्याखाली आपले नाव लिहिले आणि त्याच्याखाली मुलीचे.

मुलगी आली. आल्याबरोबर तिने मला वाचले, कारण तिची नजर आता आधी माझ्याकडेच जाते. “बाबा, हे काय? मला विचारायचं तरी.”

“ड्युटी विचारून लावत नाहीत,” काका म्हणाले.

तिने पर्स बाकावर टाकली, चपला सारल्या आणि आत गेली. टिंग टिंग झाले. बापलेक दोघेही उजव्या खांद्यावरून मागे बघून वळले, तेव्हा मी दारातून त्यांना एकदम समोरून पाहिले.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंच्या आत्मकथेचा शेवट बहुधा ‘आमची काळजी घ्या’ असे म्हणून होतो. मीही म्हणतो. मला ओल्या फडक्याने पुसू नका, रंग जातो. आणि खिळे ठोकू नका, फार दुखते. पण एक गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. तुमच्या आसपास कुणी रोज येऊन नुसते उभे राहत असेल, तर त्याला शिष्ट म्हणू नका. आधी त्याचे नाव विचारा आणि लिहून टाका. पुसायचे असेल तर तो नंतर पुसेल.

माझ्याखालचा बाक हल्ली रिकामाच असतो. लोक त्यावर पर्स, काठ्या आणि चष्मे ठेवतात आणि हॉलमध्ये जातात. पण काका अजूनही सकाळी सहाला येतात. मला वाचतात, मग फाटकाकडे बघत उभे राहतात. परवा एक नव्या बाई राहायला आल्या आहेत. त्या लांबूनच माझ्याकडे बघतात आणि निघून जातात. आज सकाळी काकांनी त्यांचे नाव विचारून घेतले आहे आणि काकांच्या हातात खडू आहे.